संगीत लायब्ररीची कार्डं आणि दाखल नोंदवह्या रद्दीत घालायच्या का?

शुद्धगंधार:
आमच्या विद्यापीठाच्या संगीत विभागातली सगळी पुस्तकं, तबकड्या, स्पूल टेप आता कोहा या लायब्ररीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवून झालेत, बारकोड पण लागले, आणि लगेच ठरलंय की कार्डांची कपाटं न् जुन्या दाखल नोंदवह्या (आलेली प्रत्येक वस्तू क्रमांक देऊन ज्यात लिहितात त्या) निर्लेखनात, म्हणजे रद्दीत काढायच्या. मला हे अजिबात पटत नाहीये. दोन दिवस ड्रॉवर उघडून बसलो तेव्हा कळलं काय जाणार आहे ते. संगीतशास्त्री भातखंड्यांचंच घ्या ना, 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' 1910 पासून मराठीत आली ती विष्णुशर्मा नावाने, संस्कृतातलं 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' आलं ते चतुरपंडित नावाने. जुन्या ग्रंथपालांनी दोन्ही नावांची वेगळी कार्डं करून त्यावर 'भातखंडे पाहा' असं लिहून ठेवलंय. एन्ट्री करणाऱ्यांनी ती 'पुस्तकाची नाहीत' म्हणून गाळली, त्यामुळे आता कॉम्प्युटरवर तीन वेगळेच लेखक दिसतात. पहिल्या वर्षाच्या पोराला कसं कळणार हा एकच माणूस आहे म्हणून?

मध्यलय_७२:
चूक एन्ट्रीची आहे, कागद फेकण्याची नाही. कोहात पर्यायी नावं जोडता येतात, एक दिवसाचं काम आहे, बसा आणि करा. मी दुसऱ्या एका लायब्ररीत बारा वर्षं काढलीत, वाळवीने खाल्लेल्या नोंदवह्या हाताने उचलल्यात, पान उलटलं की भुगा पडायचा. आणि खरी घाई टेपची आहे. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्येच सांगितलं होतं की 2025 च्या आसपास टेप वाजवायची मशीनं आणि सुटे भाग मिळणंच अवघड होईल. ती वेळ आली पण. जागा आणि पैसा मोजकाच असेल तर आधी आवाज वाचवा, कपाटं नंतर.

अंतरा_दादर:
पण आवाज वाचवला आणि तो कुणाचा हेच माहीत नसेल तर? बर्लिनमध्ये हे झालंय. 1900 साली कार्ल श्टुम्फ यांनी तिथल्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात मेणाच्या नळकांड्यांवरच्या संगीताचा संग्रह सुरू केला, सयामी नाटक मंडळी आली होती त्यांच्या रेकॉर्डिंगपासून. पुढे होर्नबोस्टेल यांनी तो जगभरातून वाढवला. दुसऱ्या महायुद्धानंतर बरीचशी नळकांडी लेनिनग्राडला गेली, तिथून पूर्व बर्लिनला परत आली, आणि कागदपत्रं राहिली पश्चिम बर्लिनमध्ये! म्हणजे आवाज भिंतीच्या एका बाजूला आणि तो कुणी, कुठे, कधी गायलाय ते दुसऱ्या बाजूला. भिंत पडल्यावर 1991 च्या सुमारास दोन्ही एकत्र आलं तेव्हा कुठे त्या संग्रहावर नीट काम करता आलं. ती पत्रं न् याद्या कुणी 'जुना कागद' म्हणून विकल्या असत्या तर?

मध्यलय_७२:
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं ताई. कागद एकाच ठिकाणी एकाच प्रतीत होता म्हणून इतकी वर्षं अडलं. स्कॅन करून तीन जागी ठेवा, भिंत पडायची वाट बघावी लागणार नाही.

शुद्धगंधार:
दादा, स्कॅनला माझा विरोध नाहीच. पण इथे स्कॅन म्हणजे काळं-पांढरं, घाईत, फक्त पुढची बाजू. आमच्याकडे एका 78 आरपीएमच्या तबकडीच्या कार्डावर छापील लेबलवरून रागाचं नाव 'भूप' टाईप केलंय आणि मागे कुणीतरी गुरुजींनी पेन्सिलने लिहिलंय 'देशकार, धैवत ऐका'. दोन्ही रागांत स्वर तेच पाच, चलन (स्वर फिरवायची रीत) वेगळं, त्यामुळे हा नुसता टायपिंगचा फरक नाही, हे एका जाणत्या कानाचं मत आहे. मी तबकडी लावून बघितली, गुरुजी बरोबर आहेत. कोहात आजही भूपच आहे.

गायनशाळा_बडोदा:
अजून एक. या संस्था नावं बदलतात. आमच्या बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा 1886 ची, विद्यापीठ झालं 1949 ला आणि ती त्यात गेली. लखनौचं मॅरिस कॉलेज 1926 चं, आज ते भातखंडे विद्यापीठ आहे. अशा ठिकाणी पुस्तकावरचा शिक्का आणि नोंदवहीतला दाखल क्रमांक जुळवला तरच कळतं की प्रत कुठल्या काळात आली, देणगी होती की विकत घेतलेली. नवीन बारकोडला यातलं काहीच माहीत नसतं.

मध्यलय_७२:
बरं, नोंदवहीचं मान्य, ती मूळ दस्तऐवज आहे, तिचं निर्लेखन होऊच नये. पण कार्डांची चार कपाटं मी नाही ठेवणार, तिथे टेप वाजवायचं टेबल बसतं. पेन्सिलची, 'पाहा'ची कार्डं वेगळी काढा, त्यांचे दोन्ही बाजूंनी रंगीत स्कॅन करा, बाकीची जाऊ द्या.

शुद्धगंधार:
वेगळी काढायची तर प्रत्येक कार्ड उलटून बघावं लागेल आणि आम्ही दोघंच आहोत. सोमवारी विभागप्रमुखांना पत्र देतोय, ते होईपर्यंत एकही ड्रॉवर हलवू नका म्हणून. पुण्या-मुंबईचं कुणी शनिवारी येऊ शकत असेल तर सांगा, पहिल्यांदा तबकड्यांची कार्डं घेऊ.