शब्दचर्चा: 'स्वे बार'ला मराठीत काय म्हणावं? आणि 'बॅलन्स' म्हणजे तोल की समतोल?

घाटवळण
एका दिवाळी अंकासाठी मोटारींवर लेख लिहितो आहे. स्वे बार म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा, वळणावर गाडीचा झुकाव आवरणारा लोखंडी दांडा. वळणावर गाडी आपल्या मनासारखी वागावी म्हणून पुढचा आणि मागचा स्वे बार किती जाडीचा निवडायचा, असा विषय. उदाहरण पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाचं घेतलंय. अमेरिकेत मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून हौशी शर्यती होतात, तिथे ही गाडी फार लाडकी. मजकूर तयार आहे, गाडं अडलंय शब्दांपाशी.

मसुद्यात 'डोलविरोधी दांडा' लिहिलं होतं. आमच्या काकांचं साताऱ्याला गॅरेज आहे. त्यांनी वाचून विचारलं, "हा कुठला पार्ट रे?" चित्र दाखवल्यावर म्हणाले, "मग जंपिंग रॉड म्हण की सरळ."

दुसरी अडचण 'बॅलन्स'ची. मी 'समतोल' लिहिलं, संपादकांनी खोडून 'तोल' केलं. 'बारच्या मापातून गाडीचा तोल साधा' हे वाचून डोळ्यांपुढे सायकल येते. जाणकारांनी सांगावं.

बाराचा पाना
काका बरोबर आहेत. मारुती ८०० पासून आमच्याकडे जंपिंग रॉडच म्हणतात, काही जण बॅलन्स रॉड. ८०० मध्ये तो नुसता गाडीचा झुकाव आवरायला नव्हता, त्याची टोकं चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यालाही (लोअर आर्म) धरून ठेवायची. त्याचे रबरी बुश गेले की खड्ड्यात खटखट आणि ब्रेक मारला की गाडी ओढायची. माझा अंदाज असा की गाडी खड्ड्यात उडाली की आवाज तिथून येतो, म्हणून 'जंपिंग' नाव पडलं. ज्याचे हात त्या पार्टला लागतात त्याच्या तोंडचा शब्द घ्यावा. 'डोलविरोधी दांड्याचे बुश' मागून पाहा, कुठल्याही दुकानात मिळणार नाहीत.

चक्रधर
पानादादा, 'जंपिंग'ला माझा ठाम विरोध. मी मिशिगनमध्ये सस्पेन्शनवरच काम करतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर हा रॉड आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, कसलाही जोर लावत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की त्याला पीळ बसतो आणि मग तो कामाला लागतो. म्हणजे उडीशी त्याचा काही संबंध नाही.

अमेरिकी नावही मला पटत नाही. जहाजाच्या परिभाषेत 'स्वे' म्हणजे अख्खं जहाज बाजूला सरकणं. लांबीच्या अक्षाभोवती कलणं हा 'रोल'. ब्रिटिशांचं 'अँटी-रोल बार' नेमकं आहे. तेव्हा मराठीत 'डोल' नको, 'कल' हवा. गाडी वळणावर बाहेरच्या अंगाला कलते. 'कलरोधक' म्हणा.

मराठीमंडन
'कलरोधक' आवडला. पण पुढे 'बार' आणि 'रॉड' कशाला? आपल्याकडे 'कांब' हा सुंदर शब्द आहे, लोखंडाची कांब सगळ्यांना माहीत आहे. पीळ घेऊन काम करते म्हणून 'पीळकांब'. कुणी वापरत नाही हा युक्तिवाद मला मान्य नाही. 'महापौर', 'दिग्दर्शक' हे सावरकरांनी दिलेले शब्द एके काळी नवेच होते. वर्तमानपत्रांनी धीराने छापले, लोकांनी उचलले. घाटवळण, तुमच्या हातात अंकाची चार पानं आहेत, ती वापरा.

बाराचा पाना
'पीळकांब'मध्ये दोन अडचणी आहेत. पहिली, जुन्या सुमोला पुढे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारा टॉर्शन बार असायचा, गाडीचं वजनच त्याच्यावर. पीळकांब म्हणायचीच तर त्याला म्हणावी लागेल. दुसरी, कांब भरीव असते. बाजारात मिळणारे कितीतरी बार पोकळ असतात. पोकळ असेल तर ती नळी झाली. वेल्डिंगच्या दुकानात कांब मागितली आणि नळी मिळाली असं कधी होत नाही.

चक्रधर
पोकळ बारचा मुद्दा महत्त्वाचा. २४ मिमी व्यासाच्या बारच्या आत १८ मिमी पोकळी असेल, तर वजन भरीव बारच्या ४४ टक्क्यांवर येतं, पण ताठरपणा ६८ टक्के उरतो. पीळ सोसण्याचं बहुतेक काम बाहेरचं कवच करतं, गाभा जवळजवळ आयताच बसलेला असतो. म्हणून लेखात 'माप' एवढंच लिहून भागणार नाही. बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही द्या, नाहीतर वाचक २४ चा पोकळ आणि २४ चा भरीव एकच समजेल.

मालवणचो
कलण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्याकडे होडी कलू नये म्हणून बाजूला दोन आडव्या काठ्यांनी लाकडाचा तरंड बांधतात, त्याला 'उलांडी' म्हणतात. काम तेच, शब्द तयार, शिवाय आपला. संस्कृतातून नवीन शब्द पाडण्यापेक्षा किनाऱ्यावरून एक उचलला तर काय बिघडलं?

मराठीमंडन
उलांडी! हा शब्द मला ठाऊक नव्हता. माझं मत बदलायला लावण्याइतका चांगला आहे.

चक्रधर
शब्द गोड आहे यात वाद नाही, पण काम तेच नाही. उलांडी होडीला बाहेरून आधार देते. पाण्यात दाबली गेली की ती वर ढकलते. बार बाहेरून काहीच आणत नाही. डाव्या आणि उजव्या चाकाला एकमेकांशी बांधतो, बस. त्यामुळेच आपल्या रस्त्यांवर त्याचा त्रासही होतो. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का पोचतो आणि बसणाऱ्याचं डोकं डावी-उजवीकडे हलतं. बार जितका जाड तितकं हे जास्त. 'उलांडी' म्हटलं तर वाचकाला वाटेल, जितकी मोठी तितकी सुरक्षित.

अक्षरओळ
मूळ दुसरा प्रश्न सगळ्यांनी वाऱ्यावर सोडलाय, म्हणून लिहिते. मी अनुवादाचंच काम करते. 'तोल' हा एकाच वस्तूचा असतो. तो जातो, सावरतो, सुटतो. 'समतोल' दोन किंवा जास्त गोष्टींमधला असतो, तो राखतात किंवा ढळतो. तुमच्या वाक्यात पुढची चाकं आणि मागची चाकं असे दोन पक्ष आहेत. म्हणून 'समतोल'च बरोबर. संपादकांना माझ्यातर्फे सांगा.

चक्रधर
ताई, इथेच माझी अडचण आहे. 'सम' म्हटलं की वाचक बरोबरी शोधतो, आणि बरोबरी इथे कुठेच नाही.

वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जाणार हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वळणाचा वेग ठरवतात. बार बदलून त्यात फारसा फरक पडत नाही. त्यातला किती भाग पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या, एवढंच बार ठरवतो. आता टायरवर दुप्पट वजन टाकलं तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून ज्या जोडीत ही देवाणघेवाण जास्त, त्या जोडीची दोन्ही चाकं मिळून पकड घटते. पुढचा बार जाड केला की पुढची चाकं आधी सुटतात, स्टिअरिंग वळवलं तरी नाक वळणाबाहेर जातं. मागचा जाड केला की शेपूट फिरायला लागतं.

मियाटाच्या सुरुवातीच्या गाड्यांना कारखान्यातून पुढे १९ आणि मागे १२ मिमीचा बार असे. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकीची भूमिती सारखी धरली तर पुढचा बार मागच्याच्या सहापटीहून ताठ. तरी त्या गाडीच्या वळण्याची आजही वाखाणणी होते. याला 'सम' कसं म्हणायचं?

अक्षरओळ
चक्रधरराव, 'समतोल आहार' आपण रोज म्हणतो. त्यात भात आणि मीठ सारखं असतं का? 'सम' तिथे बरोबरीचा राहिलेला नाही, योग्य वाट्याचा झाला आहे. व्युत्पत्तीने शब्दाचं बोट धरायचं, त्याला जन्मभर बांधून ठेवायचं नाही. तुम्ही सांगितलेलं सहापटीचं उदाहरण मला उलट 'समतोल'चा उत्तम पुरावा वाटतं.

मराठीमंडन
व्युत्पत्ती सोडली की शब्दाची कणा नसलेली पिशवी होते. 'तोल' संस्कृत 'तुल्'मधून, वजन करणं. तुला, तुलना, तोलणं सगळं तिथलंच. वजन कुठे किती जातं हाच जर विषय असेल, तर 'तोल'इतका नेमका शब्द दुसरा नाही. संपादक बरोबर आहेत. वजनाच्या वाटणीला 'भारतोल' म्हणा, वाद मिटला.

बाराचा पाना
जाडीचं निघालंच आहे तर सांगतो. मिमी कशाला, 'सूत' म्हणा. आमच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात आजही सूतच चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९ मिमीच्या जवळ. सात सूत २२ च्या थोडं वर. आठ सूत झालं की इंच. अमेरिकेतले जुने बारही इंचातच मोजत, त्यामुळे हिशोब बरोबर जमतो.

चक्रधर
हे उत्तम! आणि यात एक शिकवण्यासारखी गोष्ट आहे. सहा सुताच्या बारऐवजी सात सुताचा टाकला तर ताठरपणा ८५ टक्के वाढतो. सातावरून आठावर गेलात तर आणखी ७१ टक्के. मराठीत 'सूतभर फरक' म्हणजे नगण्य फरक. इथे सूतभर फरकाने गाडीचा स्वभाव बदलतो. नवशिके इथेच फसतात, जाड तितका चांगला म्हणून एकदम दोन सूत चढतात. त्या शंकूंच्या शर्यती भरवणाऱ्या अमेरिकी क्लबच्या, एससीसीएच्या, 'स्ट्रीट' वर्गात एकाच टोकाचा बार बदलायची मुभा असते, पुढचा किंवा मागचा. त्यामुळे तिथले लोक एकेका मिलिमीटरचा विचार करतात. टोकांना एकापुढे एक भोकं असलेला बार घ्यावा. बारला चाकाच्या बाजूशी जोडणारी छोटी दांडी, म्हणजे लिंक, आतल्या भोकात लावली की बारचा हात आखूड होतो आणि तोच बार ताठ होतो. पावसात बाहेरच्या भोकात न्यायची.

मालवणचो
सूत सगळीकडे सारखं नाही हां. आमचा सुतार वेगळं सूत धरायचा, इंचाचा आठवा भाग नव्हे.

बाराचा पाना
सळईत तरी एकच आहे. तीन सूत म्हटलं की १० मिमीची सळई येते, चार सूत म्हटलं की १२ ची. दुकानदार विचारतसुद्धा नाही.

घाटवळण
सगळ्यांचे आभार, फार शिकायला मिळालं. सूत नक्की वापरतो. पण मथळ्यात काय छापू? 'कलरोधक', 'जंपिंग रॉड', की 'स्वे बार'च? आणि 'नाक बाहेर जाणं', 'शेपूट फिरणं' लेखात चालेल ना? संपादकांना ते फार बोलीतलं वाटतंय.

अक्षरओळ
नाक आणि शेपूट बिनधास्त ठेवा. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला दुसरं काही समजावून सांगावं लागणार नाही. पहिल्यांदा 'स्वे बार (गॅरेजमध्ये जंपिंग रॉड)' लिहा आणि पुढे नुसतं 'बार'. 'कलरोधक'मध्ये मला 'कल' खटकतो. 'मतदारांचा कल' वाचून वाचून तो शब्द निवडणुकीचाच झालाय.

मराठीमंडन
मग निवडणुकीने तो परत करावा. कलणं हे मूळचं शरीराचं आणि वस्तूंचं आहे. कलणं, कलंडणं, लवंडणं अशी चढती भाजणी आहे आपल्याकडे. कललेली गाडी सावरते, कलंडलेली आडवी होते.

बाराचा पाना
आमच्याकडे 'जरा लवंडतो' म्हणजे दुपारची झोप. ट्रक लवंडला असं कुणी म्हणत नाही, ट्रक पलटी झाला.

मराठीमंडन
'पलटी झाला' हे कानाला टोचतं. 'उलटला' हा धडधाकट शब्द असताना?

मालवणचो
उलटला म्हणजे पूर्ण चाकं वर. आडवा पडला तर आडवा पडला. खंबाटकीच्या बातम्या वाचा, दोन्ही वेगळं लिहितात.

चक्रधर
मला खरं तर याच्या अलीकडचा शब्द हवाय. गाडी इतकी कलली की आतलं चाक जमिनीवरून सुटलं, पण ती पडली नाही. मागचा बार फार ताठ असला की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या मागचं आतलं चाक असं उचलतात आणि तरी व्यवस्थित वळतात. उसानं भरलेली बैलगाडी बांधावरून जाताना एका चाकावर येते आणि परत बसते, त्याला तुमच्या भागात काय म्हणतात?