जपानातून गाशा गुंडाळताना: मर्कारी, जिमोती आणि तीन सेंटिमीटरचा जाच

गच्चीवरची तुळस
मार्च लागला. टोकियोतल्या निशिकासाईच्या ग्रुपवर फ्रिज, सोफा, लहान मुलांच्या सायकली यांचे फोटो पडायला लागले आणि सगळं जुनं आठवलं. म्हटलं, घर आवरणाऱ्यांसाठी धागा काढू. ज्यांनी जपानी माणसांना जुन्या वस्तू विकल्यात त्यांनी लिहा. रडगाणं नको, कामाचं लिहा.

सुरुवात मीच करते. मर्कारीवर (जुन्या वस्तू विकायचं जपानी ॲप) विक्रीच्या किमतीचे १० टक्के कापले जातात आणि 'पाठवणीसह' किंमत लावली तर कुरिअरही आपल्याच खिशातून. ५०० येनचं पुस्तक: ५० कमिशन, २१० नेकोपोसु (छोट्या पार्सलची कुरिअर सेवा), हातात २४०. तेच ३०० ला लावलं तर उरतात ६०. पिशवीला चिकटपट्टी लावायची मजुरीसुद्धा निघत नाही. हलकी पुस्तकं एकेकटी नको, तीन-चारचा संच लावा.

टोकाचा डबा
नेकोपोसुचा खरा जाच म्हणजे जाडी. ३ सेंमी, १ किलो, ए-४ च्या आसपास. कोंबिनीत (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानात) कुणी मोजत नाही, म्हणून लोक बिनधास्त टाकतात आणि पार्सल पुढच्या केंद्रातून परत येतं. पिशवी फुगते ना! १०० येनच्या दुकानात जाडी मोजायची पट्टी मिळते, घ्या. चिकटपट्टी लावून झाल्यावर मोजा, आधी नाही.

थोडं जाड असेल तर यू-पाकेत्तो पोस्ट (टपालाची पार्सल सेवा) बघा, २ किलोपर्यंत जातं. त्यापुढे ताक्क्यूबिन (घरपोच कुरिअर) कॉम्पॅक्ट: ४५० येन आणि वर खोक्याचे ७०. खोकं त्यांचंच लागतं. ताक्क्यूबिनमध्ये लांबी, रुंदी, उंचीची बेरीज सेंमीत: ६० ला ७५० येन, ८० ला ८५०, १०० ला १०५०. पण वजनही बघतात, ६० ला २ किलोच. खोकं छोटं, आत इस्त्री, की गेलात वरच्या गटात. (दर बदलत असतात, ॲपमध्ये एकदा बघाच.)

रातराणी
मला वाटलं वस्तूचं वर्णन हा मुख्य मुद्दा असेल, तुम्ही सगळे सेंटिमीटरवर बसलात 😄

टोकाचा डबा
@रातराणी, लिहा की मग.

रातराणी
लिहिते. कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत वेळ आहे.

स्थितीचे सहा गट असतात. आपण लोक चांगली वस्तू दिसली की 'मेदात्ता किझु या योगोरे नाशी', म्हणजे नजरेत भरणारा ओरखडा-डाग नाही, तिथे टाकतो. तिथेच फसतो. एक गट खालचा लावा, 'याया किझु...', म्हणजे थोडा ओरखडा-डाग आहे, आणि ओरखड्याचा जवळून फोटो द्या, शेजारी एक येनचं नाणं ठेवून. नाण्याचा व्यास बरोबर २० मिमी, त्यामुळे मापाचा प्रश्नच राहत नाही. फोटो २० पर्यंत चालतात. पहिला पूर्ण वस्तूचा, मग मॉडेल नंबरचं लेबल, मग दोष. घेणारा वस्तूइतकंच वर्णन विकत घेतो. वर्णनात नसलेला डाग मिळाला की 'झान्नेन', म्हणजे निराशा, हा शेरा आलाच.

आणि वास! घरात पाळीव प्राणी आहे का, कुणी सिगारेट ओढतं का, हे वर्णनात लिहायची पद्धत आहे. आपल्याकडे दोन्ही नसतात, पण फोडणी असते. पडदे, गाद्या, राइस कुकर हिंगाचा वास धरून बसतात आणि आपल्या नाकाला ते कळत नाही. धुवा, दोन दिवस बाल्कनीत ठेवा, मग फोटो काढा. कापड असेल तर आधी प्लास्टिकच्या पिशवीत आणि मग पाकिटात, पावसाचे दिवस असोत नसोत.

मुंबई-योकोहामा
हिंगाचा वास 😂😂 राइस कुकरच्या झाकणाचं रबर काढून धुवा, वास तिथे असतो.

आळशी मांजर
नेसागेला, म्हणजे किंमत कमी करा म्हणणाऱ्यांना, काय उत्तर देता? २००० ला लावलं की लगेच 'ओनेसागे कानो देस का' (किंमत कमी होईल का).

रातराणी
आधी आभार, मग नकार: "कोमेन्तो आरिगातो गोझाइमासु. मोउशिवाके आरिमासेन गा, ओनेसागे वा कांगाएते ओरिमासेन." (लिहिल्याबद्दल आभार. माफ करा, किंमत कमी करायचा विचार नाही.) नुसतं 'इइए' (नाही) लिहू नका, अंगावर आल्यासारखं वाटतं. कमी करणार असाल तर आकडा तुम्हीच सांगा. शंभर-दोनशे आधीच वर लावून ठेवा, आपल्याला काय ते नवीन आहे!

'सेन्यो' म्हणून कुणासाठी राखून ठेवलंत तरी ॲपमध्ये त्याला आधार नाही. दुसऱ्याने आधी बटण दाबलं तर वस्तू त्याची. आणि 'परत घेणार नाही, तक्रार चालणार नाही' असं लिहिणं नियमात बसत नाही.

भाषांतर यंत्राला मराठीतली लांबलचक वाक्यं देऊ नका. कर्ता घालून छोटं वाक्य द्या, आलेलं जपानी परत मराठीत फिरवून बघा. झाल्या शिट्ट्या, पळते.

कोकणातला कावळा
मोठं सामान जिमोतीवर (आपल्या भागातल्या लोकांशी देवाणघेवाण करायची साइट), कमिशन नाही, समोरासमोर रोख. हातात नेता येईल असं असेल तर घरी बोलावू नका, स्टेशनजवळच्या कोंबिनीसमोर भेटा. ऐनवेळी न येणारे असतातच, म्हणून दुसऱ्या इच्छुकाला लगेच नाही म्हणू नका.

फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी टाकायलाही पैसे पडतात, २००१ पासूनच्या कायद्याने. त्यामुळे फुकट गेलं तरी फायदा. फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, मागचा पाण्याचा ट्रे रिकामा करा, नेताना आडवा नको, कॉम्प्रेसरचं तेल सरकतं. वॉशिंग मशीनचा नळ बंद करून मिनिटभर चालवा, मग पाइप काढा, एक मिनिट पिळणी, मग खालच्या पाइपातलं पाणी. नळाची तोटी आणि खालचा कोपऱ्याचा जोड पिशवीत घालून मशीनलाच चिकटवा, हरवतो तोच.

मायक्रोवेव्हवर हर्ट्झ (विजेची वारंवारता) बघा. टोकियोकडे ५०, ओसाकाकडे ६०, हद्द साधारण फुजी नदी ते इतोइगावा. 'फक्त ५०' वाला ओसाकाला पाठवू नका.

मुंबई-योकोहामा
सायकलवाल्यांनो, बोहान तोरोकु (चोरी रोखण्यासाठीची नोंदणी) रद्द केल्याशिवाय देऊ नका. पोलिसांनी अडवलं की नंबर तुमच्या नावावर. सायकल, नोंदणीची चिठ्ठी आणि झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) घेऊन पोलीस ठाण्यात जा, नव्या मालकाला सही केलेलं जोतो शोमेइशो (मालकी दिल्याचा दाखला) द्या.

भारतातून आणलेला फोन विकताना गितेकी चिन्ह (जपानच्या रेडिओ नियमांत बसतो याची खूण) आहे का बघा, नसेल तर लावू नका. आणि गोळ्या, बाम, काढे अजिबात नाही, औषधं मर्कारीवर बंदच आहेत.

आळशी मांजर
आणि शिट्टीवाला कुकर?

कोकणातला कावळा
प्रेशर कुकरला पीएससी (जपानचं सुरक्षिततेचं) चिन्ह लागतं, आपल्या कुकरवर ते नसतं. ओळखीच्या मराठी घरात देऊन टाका. २३० व्होल्टचा मिक्सर तर १०० वर चटणीसुद्धा वाटत नाही, तो बॅगेतच.

टोकाचा डबा
मर्कारीतून पैसे काढताना नावाची गंमत. झाइर्यू कार्डावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव सगळं एका ओळीत, बँकेत काताकाना (जपानी लिपी) कुणीतरी भलताच क्रम लावून लिहिलेला. ॲपमधला काताकाना पासबुकातल्या अक्षराशी जुळला नाही तर पैसे जात नाहीत. आधी पासबुक उघडा, तसंच टाइप करा. काढायला दर वेळी २०० येन, म्हणून साठवून एकदाच काढा, पण खातं बंद करायच्या आधी!

गच्चीवरची तुळस
एक महत्त्वाचं. स्वतःची वापरलेली वस्तू विकायला परवाना नको. जुन्या वस्तू विकण्यासाठीच विकत घेऊ लागलात की कोबुत्सुशोचा (जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा) परवाना लागतो, आणि व्हिसा त्या कामाचा नसेल तर तो वेगळाच घोळ.

आळशी मांजर
सोफा कुणाला हवाय का? काळा, दोन जणांचा, डाव्या हातावर ओरखडा, नाणं ठेवून फोटो टाकते.

रातराणी
हिंग?

आळशी मांजर
बाल्कनीत ठेवलाय.