'नॉक अप'बद्दल थोडी भर

'आय विल नॉक यू अप ॲट सिक्स' हे वाक्य चूक आणि वर असभ्य, असं आधीच्या एका प्रतिसादात ठरवून टाकलंय. अमेरिकेत ते असभ्य वाटेलच. तिथे 'नॉक अप' म्हणजे गरोदर करणं, तेही बहुधा ध्यानीमनी नसताना. पण ब्रिटिश इंग्रजीत त्याचा जुना अर्थ अगदी सोवळा आहे: दार ठोठावून उठवणं.

याचा तिकडे चक्क धंदा होता. गिरण्यांच्या गावांत आणि लंडनच्या ईस्ट एंडला 'नॉकर-अप' मंडळी पहाटे लांब काठीनं माडीच्या खिडक्या वाजवत फिरायची. कामगारांकडे गजराचं घड्याळ कुठलं! १९३०च्या दशकातल्या मेरी स्मिथबाई तर नळीतून वाळके वाटाणे फुंकून काचेवर मारायच्या. दर, आठवड्याला सहा पेन्स. (त्यांना कोण उठवत असेल, देव जाणे.)

शिवाय 'नॉक अप अ मील' म्हणजे घाईत काहीतरी रांधणं, आपण अवचित पाहुणे आल्यावर पिठलं-भात टाकतो तसं. टेनिस-बॅडमिंटनमध्ये सामन्याआधी हात मोकळा करायला खेळतात तो 'नॉक-अप'. इथे ते नाम असल्यानं जोर 'नॉक'वर येतो. एकोणिसाव्या शतकातल्या लिखाणात 'नॉक्ड अप' दिसलं तर अर्थ थकून गळून गेलेला असाही असू शकतो, तेव्हा दचकू नका.

मात्र उठवण्याचा अर्थ आता इंग्लंडातही मागे पडलाय. ऑफिसातल्या कुणाला सकाळी उठवायचं असेल तर मुकाट 'वेक यू अप' लिहा.