मदत हवी आहे: बसऱ्यात जुनी बुलेटप्रूफ लँड क्रूझर घेताना काय काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

मी चिंचवडचा, गेली चार वर्षं इराकात बसऱ्याला आहे. (मोत्यांचं विचारू नका, धूळ हवी तेवढी पाठवतो.) तेलक्षेत्राला माणसं आणि जेवण पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे गाड्यांचं खातं माझ्याकडे आहे. रुमैला तेलक्षेत्राच्या बाजूला साहेब लोकांना न्यायचं तर बी६ दर्जाची (म्हणजे किती जोराची गोळी अडवते त्याचा दर्जा) कवचवाली गाडीच हवी, असं आमच्या करारात लिहिलेलं आहे. सध्या एक लँड क्रूझर २०० बघतोय. २०१५ची, पेट्रोल व्ही८, कवच अमिरातीत चढवलेलं. विकणारा म्हणतो, "बी६ आहे, डोळे झाकून घ्या."

डोळे झाकून एकदा घेतली होती. दुसऱ्याच उन्हाळ्यात पुढच्या काचेच्या कडेने दुधासारखा पट्टा उमटला, मग बुडबुडे. जुलैत इथे पारा ५०ला टेकतो. रात्री समोरून दिवे आले की ड्रायव्हरला रस्ता दिसेना, आणि मान बाहेर काढावी तर काच उघडत नाही! त्यात कोणीतरी निळ्या स्प्रेने काचा आतून पुसल्या, त्याही धुरकटल्या. ड्रायव्हरचं दार तर इतकं खाली बसलं होतं, की लावताना गुडघ्याने उचलायला लागायचं. विकणाऱ्याने फोन घेणं बंद केलं.

म्हणून या वेळी आधी विचारतोय. कागद कोणते मागू? गाडीत हात कुठे कुठे घालून बघू? शिवाय आमच्या मालकांनी बीएमडब्ल्यू एक्स५ प्रोटेक्शनचे व्हिडिओ बघून ठेवलेत, त्यांना काय सांगू?

शारजाहकर

दादा, मी कवच चढवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नऊ वर्षं काढलीत. "बी६" हा बाजारातला शब्द, तो आधी बाजूला ठेवा. ईएन १०६३ हे युरोपचं मानक फक्त काचेचं. त्यातलं बीआर६ म्हणजे ५० सेंटिमीटर चौरस काचेवर १० मीटरवरून ७.६२×५१च्या (नाटोच्या रायफलच्या) ३ गोळ्या, १२० मिलिमीटरच्या त्रिकोणात. पत्रा आणि दारांसाठी वेगळं मानक, ईएन १५२२. दोन्ही सर्टिफिकेटं अस्सल असली तरी ती तुकड्याची आहेत, गाडीची नाहीत. दाराच्या फटीत, बिजागरीपाशी, कुलपामागे काय आहे ते त्यात कुठून येणार? अख्खी गाडी उभी करून गोळ्या झाडतात ते व्हीपीएएम या चाचणी संस्थांच्या संघटनेच्या बीआरव्ही नियमाने, आणि तो दर्जा व्हीआर आकड्यात लिहितात. आता गंमत बघा, व्हीआर६ म्हणजे बी६ नव्हे. व्हीआर६ची मजल एके-४७च्या ७.६२×३९ गोळीपर्यंत. बीआर६ची गोळी व्हीपीएएमच्या सातव्या वर्गात मोडते. विकणारे ही सरमिसळ अगदी हौसेने करतात.

गाडीपाशी गेलात की प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. बीआर६च्या पुढे एनएस हवं. एनएस म्हणजे गोळी अडली तरी आतल्या बाजूने काचेचे कण उडत नाहीत. त्यासाठीच आत पॉलिकार्बोनेटचा (चिवट, पारदर्शक प्लास्टिकचा) थर देतात, आणि तुमच्या जुन्या गाडीचं दुखणंही तिथलंच. तापल्यावर पॉलिकार्बोनेट काचेच्या सातेक पट प्रसरण पावतं. बाहेर ऊन, आत एसी, मधला चिकट थर बिचारा या ओढाताणीत सुटतो. सुटला की दुरुस्ती नाही, काचच बदलायची. निळ्या स्प्रेत बहुतेक अमोनिया असतो, पॉलिकार्बोनेटला तो चालत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बाकी काही लावू देऊ नका.

मग दाराचं रबर ओढून फटीत बॅटरी मारा. दाराचं पोलाद खांबाच्या पोलादावर चढलेलं दिसलं पाहिजे. ओव्हरलॅप नसेल तर भावाची बोलणीच करू नका.

सांगलीचा फिटर

कागदाचं वरच्यांनी सांगितलं, मी वजनाचं सांगतो. १ मिलिमीटर जाड पोलाद चौरस मीटरला जवळजवळ ८ किलो, तेवढीच काच अडीच किलो. आता ६ मिलिमीटर पत्रा आणि ४० मिलिमीटर काच धरून एका दाराचा हिशेब करा. मूळ दारावर ६०-७० किलो सहज चढतात. बिजागऱ्या मूळच्याच ठेवल्या असतील तर गुडघा लागणारच. दार अर्धं उघडून कडेला धरा आणि वर उचला. खडखडलं तर पिना गेल्या.

आणि टायर! बाजूला भाराचा आकडा ११६ लिहिला असेल तर एक टायर १२५० किलो पेलतो, चार मिळून ५०००. कवचवाली क्रूझर माणसं, सामान धरून त्याच्या काठावर येऊन बसते. १२० किंवा वरचा आकडा बघा, आणि तयार झाल्याचा आठवडा-वर्ष सांगणारे चार अंकही वाचा. रनफ्लॅट (हवा गेली तरी गाडी चालावी अशी सोय) आहे म्हणून सांगतात, पण रिमवरची कडी टायर उतरवल्याशिवाय दिसत नाही. एक तरी टायर उतरवाच.

चालवताना ८०वरून चार-पाच वेळा लागोपाठ जोरात ब्रेक मारा. पाचव्या वेळी पेडल मऊ पडलं किंवा जळका वास आला, तर कवच चढवणाऱ्याने ब्रेकला हात लावलेला नाही असं समजा.

शारजाहकर

एक्स५चं राहिलंच. २०१९ची प्रोटेक्शन व्हीआर६ आहे, कारखान्यातच कवचासकट बांधलेली. ५३० अश्वशक्तीचं ४.४ लिटर व्ही८, ० ते १०० ५.९ सेकंदांत, काच ३३ मिलिमीटर. ४ मीटरवर १५ किलो टीएनटी फुटलं तरी आतली माणसं वाचावीत असं तिचं गणित आहे. गाडी म्हणून तुमच्या क्रूझरपेक्षा दहा पावलं पुढे. पण तुमच्या करारात बी६ लिहिलंय, ही व्हीआर६. आधी करारातली गोळी कोणती ते वाचा. आणि ऑगस्टमध्ये तिचा वॉटर पंप गेला तर बसऱ्यात कोण हात लावेल? क्रूझरचं सामान कुठल्याही गल्लीत मिळतं.

धागाकर्ता

मंडळी, आभार! आज जाऊन आलो. पुढच्या काचेवर आणि पुढच्या दोन्ही दारांवर बीआर६ एनएस आहे. मागच्या डाव्या काचेवर शिक्काच नाही. विचारलं तर म्हणे, "ती मध्ये बदलली, तशीच आहे." बिल नाही. टायर ११६चेच निघाले. ड्रायव्हरचं दार मात्र ठीक, गुडघा लागला नाही.

मालकांना व्हीआर६-बी६चा फरक सांगितला. ते करार शोधतायत, सापडत नाहीये.

आता एकच विचारतो. मागची काच शिक्क्याची बसवून देण्याची अट घालू, की त्याच्या हातात हे कामच देऊ नको, पैसे कमी करून आपणच बसवू? शुक्रवारी गाडी लिफ्टवर घेतोय, खालचे फोटो टाकतो.