साल काढल्यावर बुचाचा ओक जगतो, मग इतर झाडे का मरतात?

निरगुडी (प्रश्न)

बुचाच्या ओकची साल दर नऊ वर्षांनी काढली जाते आणि तरीही ते झाड दीड-दोनशे वर्षे जगते, असे वाचनात आले. दुसरीकडे, खोडाभोवतीची साल गोलाकार पूर्ण सोलली तर मोठा वृक्षही वाळतो, हे सर्वज्ञात आहे. नको असलेले झाड मारण्यासाठी हीच युक्ती वापरतात. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? शिवाय सिंकोना, दालचिनी, भूर्ज आणि बूच या सर्वांच्या बाबतीत खोडाचा एकच भाग उपयोगात येतो का? वनस्पतिशास्त्राचा अभ्यास असलेल्या सदस्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दारूहळद

निरगुडी, आपली दोन्ही विधाने बरोबर आहेत, कारण दोन्हीकडे काढले जाणारे थर वेगळे आहेत. खोडाचा आडवा छेद घेतला तर मध्यभागी लाकूड, त्याला लागून नव्या पेशी तयार करणारा अत्यंत पातळ ऊतककर, त्याबाहेर जिवंत अंतर्साल आणि सर्वांत बाहेर मृत पेशींची बाह्यसाल असा क्रम दिसतो. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या अंतर्सालीत असतात. लाकडापर्यंतची साल गोलाकार सोलली की हा मार्ग तुटतो. मुळे साठवलेल्या अन्नावर काही काळ तग धरतात आणि तो साठा संपला की मरतात. पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्या लाकडात असल्यामुळे पाने मात्र बराच काळ हिरवी राहतात, आणि म्हणूनच झाड मरणपंथाला लागल्याचे फार उशिरा लक्षात येते.

बूच ही बाह्यसाल आहे. तिच्या पेशी मृत आणि हवेने भरलेल्या असून त्यांच्या भित्तींत सुबेरिन नावाचा मेणचट पदार्थ असतो. त्यामुळे बूच हलके, लवचीक आणि पाण्याला दाद न देणारे बनते. पोर्तुगालमध्ये, जिथे जगातील जवळजवळ निम्मे बूच तयार होते, ही साल उन्हाळ्यात काढतात, कारण त्या काळात झाडाची वाढ जोमात असते आणि बुचाचा थर आतल्या सालीपासून सहज सुटतो. कुऱ्हाडीचा घाव अंतर्सालीपर्यंत गेला तर तिथे कायमची जखम राहते. या कामात कसब लागते ते एवढ्याचसाठी. उघड्या पडलेल्या अंतर्सालीत बूच तयार करणारा नवा थर निर्माण होतो आणि वाढ पुन्हा सुरू होते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात, परंतु ती खडबडीत असते. बाटलीच्या बुचाला योग्य असा माल तिसऱ्या वेळी मिळतो. पुढची साल वेळेआधी काढली जाऊ नये म्हणून खोडावर त्या वर्षाचा शेवटचा अंक रंगवून ठेवतात.

रानतुळस

दारूहळद यांनी बुचाबद्दल नेमके लिहिले आहे. औषध आणि मसाला यांचे गणित याच्या उलट आहे, कारण तिथे अंतर्सालच हवी असते. साखर वाहून नेणारा हा थर कीटकांना आणि बुरशीला खाद्य म्हणून आकर्षित करतो, आणि अनेक झाडे तिथेच कडू किंवा तुरट संरक्षक द्रव्ये साठवतात. वाळुंजाच्या सालीतील सॅलिसिन हे वेदनाशामक द्रव्य 1828 मध्ये वेगळे करण्यात आले. त्याआधी, 1820 मध्ये, पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे केले होते. मलेरियावरील या औषधाची मागणी एवढी होती की अँडीज पर्वतातील सिंकोनाची झाडे सालीसाठी सर्रास तोडली गेली. निलगिरीतील सरकारी लागवडीवर विल्यम मॅकआयव्हर यांनी निराळी पद्धत वापरली: खोडावरील सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या, मधल्या पट्ट्या तशाच ठेवायच्या आणि उघडा भाग ओल्या शेवाळाने झाकायचा. शेवाळाखाली नवी साल येत असे आणि तिच्यात क्विनीनचे प्रमाणही चांगले मिळत असे. माझ्या मते सालीच्या संपूर्ण इतिहासात एवढी साधी आणि एवढी दूरदृष्टीची कल्पना क्वचितच सापडेल.

दालचिनीचे झाड मात्र मुद्दाम जमिनीलगत छाटतात. बुंध्यातून फुटलेले धुमारे साधारण दोन वर्षांचे झाले की ते तोडून बाहेरचा थर खरवडतात आणि अंतर्साल सोडवून तिच्या सुरळ्या वाळवतात. तोडलेला धुमारा तर मरणारच असतो, परंतु मुळे शाबूत असल्याने नवे धुमारे येत राहतात.

पॅसिफिक यू या वृक्षाला यांपैकी कोणताच मार्ग उपयोगी पडला नाही. त्याच्या सालीचे नमुने 1962 मध्ये कर्करोगावरील संशोधनासाठी गोळा केले गेले, त्या सालीतील टॅक्सॉल या औषधी द्रव्याची रचना 1971 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1992 मध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. पण झाड अतिशय सावकाश वाढणारे, साल पातळ आणि औषधाचा अंश अत्यल्प. युरोपीय यूच्या पानांतील एका घटकापासून ते औषध बनवण्याची रीत सापडली, तेव्हा हा पेच सुटला. पाने दरवर्षी पुन्हा येतात.

पळस

हस्तकलेच्या बाबतीत दोन्ही थर उपयोगी पडतात. भूर्जाचे कागदासारखे पापुद्रे बाह्यसालीचे असतात. बेट्युलिनमुळे ते पांढरे दिसतात आणि लवकर कुजत नाहीत. 1881 मध्ये सापडलेले बख्शाली हे गणितावरील प्राचीन हस्तलिखित याच सालीवर लिहिलेले आहे. युगांडातील वल्कले मात्र मुतुबा नावाच्या वडवर्गीय झाडाच्या अंतर्सालीची असतात. साल काढल्यावर खोडाला केळीची पाने गुंडाळून ठेवतात आणि नवी साल येते, म्हणजे शेवाळाऐवजी केळीचे पान.

एक दुरुस्ती सुचवतो: गोलाकार सोललेले प्रत्येक झाड मरतेच असे नाही. गोरखचिंचेची साल दोरखंडांसाठी बऱ्याच उंचीपर्यंत सोलतात आणि ती पुन्हा भरून येते. चीनमध्ये औषधासाठी वापरल्या जाणाऱ्या यूकोमिया या झाडावरही असे दिसले आहे की उघडे पडलेले लाकूड ओलसर राहिले आणि त्याला हात लागला नाही, तर पृष्ठभागावरच्या कोवळ्या पेशींपासूनच नवी साल घडते.

निरगुडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे: उंदीर किंवा सशांनी एखाद्या फळझाडाची साल आधीच गोलाकार कुरतडली असेल, तर ते वाचवता येते का?

दारूहळद

पळस यांची दुरुस्ती मान्य आहे. आपल्या उपप्रश्नाचे उत्तर असे की मुळांतला साठा संपण्यापूर्वी हालचाल केली तर बहुधा वाचवता येते. त्याच जातीच्या सुप्तावस्थेतील फांद्या कापून ठेवतात आणि वसंतात, साल सहज सुटू लागली की, त्यांची दोन्ही टोके तिरपी तासून जखमेच्या खालच्या व वरच्या निरोगी सालीखाली बसवतात. फांद्यांची दिशा उलटी होऊ देऊ नये आणि सांध्यांवर कलमाचे मेण लावावे. जखम खोडाभोवती पूर्ण फिरली असेल तर काही बोटांच्या अंतरावर एकेक, अशा अनेक फांद्या बसवाव्या लागतात. त्या जुळल्या की साखर त्यांच्यातून मुळांकडे जाऊ लागते. पुढे त्यांच्यावर फुटणारे कोंब मात्र वेळच्या वेळी खुडावेत.