इंग्लंडमधल्या पेगन वस्तीवर उन्हाळाभर राहून काम करण्याविषयी

रातांबा (वेंगुर्ले):
नमस्कार. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर येत्या सप्टेंबरात मी एका वर्षाच्या एमएस्सीसाठी इंग्लंडला जात आहे. तिथल्या एका पेगन, म्हणजे निसर्गाला देव मानणाऱ्यांच्या, वस्तीशी माझा पत्रव्यवहार झाला आहे. पुढच्या वर्षी जून ते ऑगस्ट तिथे राहून भाजीच्या वाफ्यांवर आणि स्वयंपाकघरात काम करावे आणि त्या बदल्यात राहण्या-जेवण्याची सोय त्यांनी करावी, असे बोलणे झाले आहे. (त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली भातलावणी, हे आईला समजावण्यातच एक संध्याकाळ गेली.) आमच्या घरामागे देवराई आहे आणि पडलेली काटकीसुद्धा देवाला विचारल्याशिवाय उचलायची नाही, या शिस्तीत मी वाढले, त्यामुळे जमिनीलाच देव मानणारी माणसे रोजचे जगणे कसे चालवतात, हे जवळून पाहावेसे वाटते.

आई मात्र विचारते की ते लोक कोणाला मानतात, आणि तिथे तीन महिने राहून आल्यावर आपल्या देवाला काय सांगायचे. हा प्रश्न मला हसण्यावारी नेता आला नाही. बाबांची शंका फक्त कागदपत्रांची आहे. असे राहून आलेले कोणी असल्यास दिवस कसा जातो, विधींना बसावेच लागते का आणि मुलीने एकटीने जावे का, हे कृपया सांगावे.

सड्यावरचा (राजापूर):
मी शिक्षण संपल्यावर, शिक्षणानंतर तिथे काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा हातात आल्यानंतर, वेल्सच्या सीमेजवळच्या अशा एका वस्तीवर मेअखेरपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत राहिलो होतो. सुरुवात तुमच्या बाबांच्या शंकेपासून करतो, कारण ती रास्त आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि एक वर्षाच्या एमएस्सीत जून ते ऑगस्ट हा काळ सहसा सुट्टीत मोडत नाही, कारण तेव्हा प्रबंधाचे काम चालू असते. पगार न घेता जेवण आणि खोली घेतली तरी तो मोबदलाच ठरतो. त्यामुळे तुमच्या अभ्यासक्रमाच्या अधिकृत तारखा विद्यापीठाकडून लेखी घ्या आणि वस्तीला खरे काय ते कळवा. मला वाटते, तुमचा बेत सप्टेंबरनंतरच बसेल.

आता दिवसाविषयी. देवराईच्या ओढीने जाणाऱ्याला पहिल्या आठवड्यात भेटते ते शौचकूप. आमच्याकडे पाण्याचे संडास नव्हते. प्रत्येकाने आपले झाल्यावर वरून ओंजळभर लाकडाचा भुसा टाकायचा, पिंप भरले की ते ढकलगाडीवर घालून उतारावरच्या खड्ड्याशी न्यायचे, रिकामे करून धुवायचे आणि तो ढीग निदान वर्षभर कुजू द्यायचा. वस्तीवर जिचा शब्द शेवटचा मानला जाई, ती सत्तरीची बाईही आपल्या पाळीला पिंप ओढत असे. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या माथी मारले गेले, ते आठवून मला त्या दिवशी तिच्याशी नीट बोलता आले नाही. बाकी कामे तुम्हाला परकी वाटणार नाहीत: सरपण फोडणे, कोयत्याने खाजरी झुडपे तोडणे, गोगलगायी वेचणे, चाळीस माणसांची भांडी घासणे. गोल झोपडीचे गवती छप्पर दुरुस्त करताना तर मला आजोबांची शाकारणी आठवली आणि माझा भाव एकदम वधारला. सर्वांत थकवणारे काम म्हणजे सभा. हातात काठी असेल त्यानेच बोलायचे असा नियम होता, आणि वस्तीवर आणखी एक कुत्रा ठेवावा की नाही, यावर ती काठी साडेतीन तास फिरली.

विधींची सक्ती नव्हती. ज्यांना बसायचे नसे ते बटाटे सोलत. 21 जूनच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, पहाटे पाचच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊला मावळतो. त्या पहाटे सगळे टेकडीवर गोल करून उभे राहिले, चार दिशांना तोंड करून वारा, अग्नी, पाणी आणि माती यांना बोलावणे झाले, मग पाव आणि मधाची दारू एकेकाच्या हातातून फिरली. ज्याला काही म्हणायचे असेल त्याने आपल्या भाषेत म्हणावे, असे सांगितल्यावर मी आपल्याकडे देवापुढे घालतात तसे गाऱ्हाणे घातले. पाऊस वेळेवर पडू दे, वाफ्यांना कीड लागू नये, आणि कुत्र्याचा वाद मिटू दे, अशा तीन मागण्या केल्या. आधी शिकवून ठेवल्यामुळे तीसेक इंग्रज माणसे प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणाली.

आईंना सांगा की धर्म बदलण्याचा तिथे कोणी विषयही काढत नाही. त्यांचा एक ग्रंथ नाही, एक देव नाही. कोणी देवीला मानतो, कोणी शिंगे असलेल्या वनदेवाला, तर कोणी फक्त ऋतुचक्राला. 2021च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म पेगन असा नोंदवला, म्हणजे एखाद्या शहराएवढेच हे लोक आहेत. हे सगळे हजारो वर्षे अखंड चालत आले आहे असे मात्र समजू नका. त्यांच्यातल्या विक्का या आधुनिक चेटूकपंथाला उघडपणे समोर आणणारा जेराल्ड गार्डनर हा मलायात कस्टम खात्यात नोकरी केलेला माणूस होता, आणि चेटूकविरोधी जुना कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यावरच तो याविषयी मोकळेपणाने लिहू लागला. वस्तीवरच्या बहुतेकांना हे ठाऊक होते. आपण जुने तुकडे जोडून नवे घर बांधले आहे, हे सांगताना त्यांना संकोच वाटत नसे, आणि मला तेच अधिक आवडले.

एक राहिलेच. नेच्यांच्या रानात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. माकडतापामुळे तुमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला गोचीड नवीन नाही. तीच शिस्त पाळा, पायमोजे पँटवर ओढा आणि संध्याकाळी अंग तपासा.

जांभा (मालवण तालुका):
वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु टेकडीवर गाऱ्हाणे घातल्याचे वाचून वाईट वाटले. गाऱ्हाणे ही कविता नव्हे. ते कोणी घालायचे हे गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीत, ठरलेले असते आणि ते ज्याच्यापुढे घालायचे तो राखणदार देव त्या गावच्या शिवेतला असतो. वेल्सच्या सीमेजवळच्या टेकडीवर तुमचे म्हणणे कोण ऐकणार होते?

पेगन हा शब्द लॅटिनमधल्या 'पागानुस'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ खेडूत, गावाकडचा माणूस असा आहे. ख्रिस्ती झालेल्यांनी तो न झालेल्यांसाठी वापरला. त्या अर्थाने आपण सगळेच त्यात बसतो, असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. आमच्या शेजारच्या आचऱ्यात साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची आज्ञा, झाला की सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्या पाटीत घालून, तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहुट्यांमध्ये राहायला जातो. त्यात श्रद्धाळू असतात, निव्वळ मजेसाठी मुंबईहून आलेले असतात आणि भाऊबंदकीत एकमेकांचे तोंड न बघणारेही असतात; तुझा विश्वास आहे का, असे तिथे कोणी विचारत नाही, कारण तुम्ही त्या गावचे आहात एवढे पुरते. ते लोक मात्र निवड करून एकत्र आलेले असतात आणि पटले नाही तर निघून जातात. रातांबा यांनी जरूर जावे, पण हा फरक सोबत घेऊन जावे.

सड्यावरचा:
मानाचा मुद्दा मान्य. आमच्या गावात मी गाऱ्हाणे घालायला उभा राहिलो असतो तर मला खाली बसवले असते. मात्र निवडणुकीच्या सभांमध्ये भर मंचावर गाऱ्हाणी घातली जातात, तेव्हा राखणदार कुठे असतो, हेही कधीतरी लिहा.

खाडीकाठ (रत्नागिरी):
एकटीने जाण्याविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. मी अशा दोन ठिकाणी थोडे थोडे दिवस राहिले आहे. एक चांगले होते, दुसरीकडून चौथ्या दिवशी निघाले, कारण झोपण्याच्या जागेबद्दल आधी सांगितले होते एक आणि निघाले भलतेच. जाण्यापूर्वी लेखी विचारा: खोलीला आतून कडी आहे का, मोबाइलला रेंज कुठे मिळते, तक्रार कोणाकडे करायची. काही विक्का परंपरांमध्ये विधी विवस्त्र होऊन करतात. त्यात गैर काही नाही, पण ते तिथे पोचल्यावर कळू नये. उत्तर युरोपातल्या जुन्या देवांना मानणाऱ्यांमध्ये गोऱ्या वंशाचा अभिमान मिरवणारे काही गटही आहेत, तेव्हा पाहुण्यांमध्ये आजवर कोण कोण येऊन गेले, हे सहज विचारून पाहा. उत्तर टाळले तर समजून जा. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा आणि ते कोणालाही सांगू नका.

रातांबा:
सर्वांचे आभार. अभ्यासक्रमाच्या तारखांचा विचार मी केलाच नव्हता. कडी, रेंज आणि तक्रारीचे प्रश्न वस्तीला आज लिहून पाठवले. हे सगळे आईला वाचून दाखवले, तेव्हा तिला पिंप ओढणारी सत्तरीची बाई फार आवडली. बाकीच्यासाठी ती येत्या सोमवारी देवळात कौल लावून घेणार आहे. बाबा म्हणतात, कौल होईल तेव्हा होईल, आधी विद्यापीठाला मेल कर. तीही पाठवली आहे.