कूपर जोडी, कूपर युग्म की कूपर जोड?

अनुवादिका:
अतिसंवाहकता म्हणजे विजेला अजिबात रोध न होणे; अशा पदार्थांत इलेक्ट्रॉन दोन-दोन मिळून वाहतात, आणि त्या दोघांना भौतिकशास्त्रज्ञ कूपर यांचे नाव दिले जाते. ताम्रऑक्साइडांच्या अतिसंवाहकतेवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी असे वाक्य लिहिले होते: ‘या पदार्थांत इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळूनच जोडी जमवतात.’ संपादकांनी ‘टाळून’ खोडले, ‘जोडी’च्या जागी ‘युग्म’ घातले आणि समासात शेरा मारला की, टाळणाऱ्यांची जोडी जमेल कशी? माझ्या मते ‘टाळून’ हाच त्या वाक्यातला कळीचा शब्द आहे. पारा किंवा शिसे यांसारख्या धातूत इलेक्ट्रॉन जाता जाता धनभारित आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड असल्यामुळे ते सावकाश मागे फिरतात आणि इलेक्ट्रॉन पुढे निघून गेल्यावरही तेथे उरलेल्या धनभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. म्हणजे येथेही दोघे एकमेकांना टाळतात, पण वेळेच्या हिशेबाने. बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर यांनी १९८६ साली शोधलेल्या ताम्रऑक्साइडांत ते जागेच्या हिशेबाने टाळतात: जोडीच्या तरंगफलनाला (इलेक्ट्रॉन कोठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळते त्या गणिती फलनाला) चार पाकळ्या असतात, शेजारच्या पाकळ्यांची चिन्हे परस्परविरुद्ध असतात आणि दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बिंदूवर सापडण्याची शक्यता शून्य असते. हे सांगायला ‘टाळून’ चालणार नसेल, तर कोणता शब्द घ्यावा?

धातुरूप:
‘टाळून’ अवश्य ठेवावे, परंतु ‘युग्म’बाबत संपादकांचेच बरोबर आहे. शास्त्रीय संज्ञेला पुढे पिलावळ व्हावी लागते. ‘युग्म’पासून युग्मन, युग्मित, अयुग्मित असे शब्द सहज होतात, ‘जोडी’पासून काय करणार, जोडीकरण? शिवाय ‘युग्म’ हा ‘युज्’ धातूचा, आणि बैलांच्या मानेवरचे ‘जू’सुद्धा त्याच कुळातले. तेव्हा हा शब्द परका किंवा पुस्तकी आहे, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

सोलापूरकर:
‘जू’ आपलेच आहे, पण म्हणून ‘युग्म’ कोणाच्या तोंडी बसत नाही. आमच्या घरी कापडाचे दुकान होते. धोतरजोडी म्हणजे एकाच लांब विणीतली दोन पाने. मधे कापण्याची जागा सोडलेली असते, आणि गिऱ्हाईक घरी जाऊन ती फाडेपर्यंत दोन धोतरे म्हणजे एकच वस्तू असते. या इलेक्ट्रॉनांचेही तसेच असेल, तर ‘जोडी’ हा शब्द नेमका आहे. वहाणांचा मात्र ‘जोड’, पाटल्यांचाही ‘जोड’, कारण तेथे दोन वेगळ्या वस्तू बरोबर असतात. हा भेद आमच्याकडे लहान मुलेही पाळत असत.

धातुरूप:
बैलजोडीतले बैल कोणत्या विणीत असतात, तेही सांगावे.

शीतमापक:
मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून धोतराच्या उपमेला हरकत घेतो. ॲल्युमिनियममध्ये एका जोडीचा पसारा सुमारे १६०० नॅनोमीटर असतो आणि तेवढ्याच जागेत इतर असंख्य जोड्या एकमेकींत मिसळलेल्या असतात; कोणाचा जोडीदार कोण, हा प्रश्नच तेथे निरर्थक आहे, मग कापण्याची जागा कोठून दाखवणार? ताम्रऑक्साइडांत हा पसारा जेमतेम १ ते २ नॅनोमीटर असतो. गंमत अशी की, संपादकांनी जेथे ‘जोडी’ खोडली, तेथेच हा शब्द अधिक शोभतो. चार पाकळ्यांचे म्हणाल, तर तो तर्क नव्हे. त्सुई, कर्टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली तीन वेगवेगळ्या दिशांनी रचलेल्या स्फटिकांच्या सांध्यावर इट्रियम-बेरियम-ताम्रऑक्साइडाचे कडे तयार केले, आणि त्या कड्यात चुंबकीय स्रोताच्या (फ्लक्सच्या) ठरीव एककाच्या बरोबर निम्मा स्रोत आपोआप उमटलेला आढळला. कड्याभोवती एक फेरी मारताना चिन्ह उलटत असेल, तरच असे घडते. वाद आहे तो मध्यस्थाचा. चुंबकीय हेलकावे ही जोडी जमवतात, असे पुष्कळांचे मत आहे. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी तर स्वतंत्र मध्यस्थाची गरजच नाही, अशी बाजू मांडली होती.

अनुवादिका:
तर मग ‘अपारंपरिक अतिसंवाहक’ हे तरी बरोबर आहे का? मला त्यात सौरऊर्जेचा वास येतो. ‘अनवट’ म्हटले तर?

सोलापूरकर:
फार छान. अनवट रागाचे स्वर नेहमीचेच असतात, चलन तेवढे वेगळे असते. माझ्या समजुतीने हा शब्द ‘अन्’ आणि ‘वाट’ यांपासून आला: ज्याला मळलेली वाट नाही तो.

धातुरूप:
‘अनवट’ हा पायाच्या अंगठ्यात घालायचा दागिनाही आहे. तो कोणती वाट सोडून निघाला होता? व्युत्पत्ती अशा कानाने करायच्या नसतात.

शीतमापक:
दागिना बाजूला ठेवू. अडचण अशी आहे की, इंग्रजीतल्या ‘अनकन्व्हेन्शनल’ या विशेषणाला दोन अर्थ चिकटले आहेत. काहींच्या मते आयनांच्या कंपनांखेरीज अन्य कारणाने जोडी जमली की तो पदार्थ त्यात आला. काहींच्या मते जोडीच्या तरंगफलनाची सममिती स्फटिकाच्या सममितीपेक्षा उणी असायला हवी. श्टेग्लिश यांनी १९७९ साली सिरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात अतिसंवाहकता दाखवली, तेव्हापासून हे विशेषण गरजेचे झाले. उलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होत असल्याचे आढळले. त्यात वाहक इलेक्ट्रॉन इतके थोडे असतात की, बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांच्या १९५७ च्या सिद्धांताची नेहमीची गृहीतके तेथे लागू पडत नाहीत, पण तेवढ्यावरून जोडीची सममिती कळत नाही. त्याला अनवट म्हणणार का?

सोलापूरकर:
म्हणावे की. आधी नाव ठेवावे, सममिती मागून कळेल.

शीतमापक:
स्ट्रॉन्शियम रुथेनेटचे नेमके तेच झाले. १९९४ साली त्यातली अतिसंवाहकता सापडली, आणि पुढे कित्येक वर्षे त्यातल्या जोडीतील इलेक्ट्रॉनांची परिवलने (स्पिन) समांतर आहेत, असे पाठ दिले गेले. २०१९ साली अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे (एनएमआर) प्रयोग नव्याने झाले. आधीच्या मोजमापांत रेडिओ स्पंदांमुळे नमुनाच तापत होता, असे दिसून आले आणि तो दावा ढासळला. म्हणून विशेषण मोघम असलेले बरे. ‘अपारंपरिक’ असू द्यावे.

धातुरूप:
‘अपारंपरिक’ असू द्या, पण ते ‘अपारंपारिक’ असे छापून येणार नाही, एवढे मात्र संपादकांना आजच कळवा.